गती, मती आणि सोबत

म्हैसूर शहराच्या पश्चिम अंगाला विजयनगर नावाची मोठी वसाहत आहे. हंपीच्या भग्न राजधानीशी तिचे नाते नावापुरतेच. पहिला टप्पा, दुसरा टप्पा अशा क्रमाने ती चार टप्प्यांत वाढत गेली. योगनरसिंहस्वामींच्या मंदिरामुळे परगावच्या लोकांनाही ती ठाऊक आहे. शेजारच्या गोकुलम या भागात आसने शिकण्यासाठी जगभरातून माणसे येतात. विद्यापीठाच्या परिसरालगतचा कुक्करहळ्ळी तलावही फार लांब नाही आणि त्याच्या काठची पायवाट ही म्हैसूरकरांची जुनी फिरण्याची जागा आहे. पहाट झाली की या साऱ्या परिसरात चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. कुणी रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्यासाठी चालतो, कुणी निवृत्तीनंतरचा वेळ घालवण्यासाठी, तर कुणी केवळ चार माणसे भेटतात म्हणून.

शरीराची उपासना या शहराला नवी नाही. दसऱ्याच्या दिवसांत येथे कुस्त्यांचे फड रंगतात. मराठी मुलखात जिला तालीम म्हणतात तिला येथे ‘गरडी’ म्हणतात, आणि जुन्या म्हैसुरात अशा गरड्यांची परंपरा आहे. नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा सुरू झाली आणि तिरुमलै कृष्णमाचार्य तेथे शिकवू लागले. अशा शहरातल्या सकाळच्या गर्दीकडे पाहताना एक प्रश्न मनात उभा राहावा. ज्यांची बुद्धी इतरांच्या वेगाने चालत नाही, ती माणसे या गर्दीत कुठे आहेत? म्हैसूरच नव्हे, पुणे, कोल्हापूर, नागपूर किंवा बेळगाव यांपैकी कोणत्याही शहरातल्या उद्यानात हाच प्रश्न विचारता येईल. बौद्धिक अक्षमता असलेले मूल क्वचित आईचा हात धरून दिसते. त्याच अवस्थेतला तीस वर्षांचा पुरुष किंवा चाळीस वर्षांची स्त्री मात्र जवळजवळ दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत या गटाची नोंद सुमारे १५ लाख झाली होती. इतकी माणसे सकाळच्या वेळी नजरेआड असतात, याचा अर्थ ती कुठल्या तरी गॅलरीत, ओट्यावर किंवा खिडकीशी बसलेली असतात.

त्यांना हालचालीकडे, व्यायामाकडे, खेळाकडे वळवावे असे सर्वांनाच वाटते. डॉक्टर तसे सांगतात, शिक्षक सांगतात, नातेवाईक येता-जाता सुचवून जातात. इतक्या उघड हिताच्या गोष्टीत नैतिक प्रश्न तो कोणता, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ‘वळवणे’ या क्रियापदातच तो प्रश्न दडलेला आहे. एका माणसाने दुसऱ्याला, त्याच्या भल्यासाठी, त्याच्या मनात नसलेल्या गोष्टीकडे वळवावे काय? वळवावे तर कोणत्या अधिकाराने? आणि न वळवता त्याला त्याच्या खुर्चीत बसू द्यावे, तर त्याला स्वातंत्र्य म्हणावे की उपेक्षा?

या प्रश्नाची उकल करण्यापूर्वी भाषेकडे पाहणे उपयोगी ठरते. मराठीत दीर्घकाळ ‘मतिमंद’ हा शब्द रूढ होता. त्याच्या जोडीला शाळाशाळांतून ‘गतिमंद’ हाही शब्द वापरला जाई. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या एकवीसवर नेली आणि त्याबरोबर ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा आली. जुन्या शब्दाला चिकटलेली हेटाळणी पाहता हा बदल योग्यच झाला. तथापि जुना शब्द एक गोष्ट नकळत सांगून जातो. ‘मंद’ हे मुळात गतीचे विशेषण आहे. बुद्धीचे वर्णन करताना मराठी माणूस चालीचीच भाषा बोलतो. डोके चालते किंवा चालत नाही, विचार पुढे सरकतो, मन एके ठिकाणी अडते. उलट, जे ज्ञान पुस्तकातून येत नाही ते शरीरातून येते हेही भाषेला ठाऊक आहे. एखादे काम अंगवळणी पडते, एखाद्या कामावर हात बसतो. आणि घराबाहेर फेरफटका मारायला जाण्याला मराठीत ‘पाय मोकळे करणे’ असे म्हणतात. या वाक्प्रचारात आरोग्याचा उल्लेखही नाही, पण मोकळेपणाचा आहे. माणूस चालायला निघतो तेव्हा तो काही काळापुरता घराच्या, नात्यांच्या आणि कामाच्या बंधनातून सुटतो, ही जाण त्यात आहे. ज्याचे पाय कुणी दुसऱ्यानेच मोकळे करायचे, त्याची स्थिती या वाक्प्रचाराच्या उजेडात पाहिली म्हणजे प्रश्न नेमका कळतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा कमी हालचाल का करतात, याची काही कारणे शरीरात असतात. डाउन सिंड्रोममध्ये स्नायूंचा ताण जन्मापासून कमी असतो, सांधे सैल असतात, आणि या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. काहींच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा अस्थिर असतो, म्हणून कोलांटी, सूर मारणे किंवा शीर्षासन यांसारख्या मानेवर भार देणाऱ्या क्रिया वैद्यकीय तपासणीवाचून करू नयेत असा दंडक आहे. अपस्माराचे प्रमाण या गटात अधिक असते, त्यामुळे पोहताना कुणाचे तरी लक्ष असावे लागते. स्वमग्न मुलाला शिट्टीचा कर्कश आवाज किंवा मैदानावरचा गोंगाट असह्य होऊ शकतो. या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची काळजी घेतलीच पाहिजे.

परंतु त्या पुरेशा नाहीत. शाळेत असेपर्यंत याच मुलांच्या दिवसाला काही आकार असतो. प्रार्थना, कवायत, लेझीम, मधल्या सुटीतला धुडगूस, स्नेहसंमेलनातला नाच यांत शरीर आपोआप हलत असते. मुंबईत १९४४ पासून जय वकील शाळा आणि पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली ‘कामायनी’ यांसारख्या संस्थांनी ही दारे प्रथम उघडली. पुढे गावोगावी विशेष शाळा निघाल्या. शाळा संपते आणि त्यानंतर काय, या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नसते. कार्यशाळेत जागा मिळाली तर बैठे काम मिळते, नाही मिळाली तर दूरदर्शन संच असतो. वजन वाढते, म्हणून दम लागतो. दम लागतो, म्हणून बाहेर जाणे नकोसे होते. बाहेर जाणे थांबते, म्हणून वजन आणखी वाढते. या चक्रात बुद्धीचा दोष शोधू गेल्यास तो सापडणे कठीण आहे. कुणाही निरोगी माणसाला सोबत, काम आणि जाण्याचे ठिकाण यांवाचून दहा वर्षे घरात ठेवले तर तोही याच वाटेने जाईल.

म्हणून पहिले उत्तर वैद्यकाचे येते आणि ते आदराने ऐकले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अपंग व्यक्तींसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी होत्या. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे करावी, आणि एवढे जमत नसेल तर जेवढे जमेल तेवढे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडेही चांगले, असे त्यांचे सार आहे. या विचाराची मुळे फार जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये इतार नावाच्या वैद्याने जंगलात सापडलेल्या व्हिक्टर या मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला. त्याचा शिष्य सेगँ याने पुढे अशा मुलांसाठी एक पद्धती बांधली, जिची सुरुवात स्नायू आणि इंद्रिये यांच्या शिक्षणापासून होत असे. हाताला काम, पायाला चाल, डोळ्याला रंग, आणि मग अक्षर, असा तो क्रम होता. मारिया माँटेसरी यांनी सेगँची ही साधने प्रथम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वापरली आणि नंतर सर्व मुलांसाठी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्याद्वारे हीच पद्धती गुजराती आणि मराठी बालवाड्यांत पोहोचली. आज ज्या मराठी घरांतली मुले बालवाडीत मणी ओवतात आणि लाकडी ठोकळे रचतात, त्यांना ही देणगी ज्यांच्यामुळे मिळाली ती मुले समाजाने शिकण्यास अपात्र ठरवलेली होती, हे ऋण सहसा कुणाच्या स्मरणात नसते.

म्हैसूरपासून तीन-चार तासांच्या अंतरावर, बंगळूरमध्ये, याच विचाराची एक महत्त्वाची परीक्षा झाली. चार विशेष शाळांतल्या ९० मुलांचा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४५ मुलांनी एक शैक्षणिक वर्षभर, आठवड्याला पाच तास, श्वसनाचे व्यायाम, सूर्यनमस्कार, आसने आणि ध्यान यांचा सराव केला. उरलेली ४५ मुले तुलनेसाठी होती. वर्षाच्या अखेरीस सराव करणाऱ्या मुलांच्या बुद्ध्यंकात आणि सामाजिक समायोजनात लक्षणीय सुधारणा दिसली. त्या काळात अशा मुलांवर वर्षभर इतके कष्ट घेणे हीच मोठी गोष्ट होती. पण या निष्कर्षाशी क्षणभर थांबावे असे वाटते. शरीर हलले, आणि त्याचे फळ बुद्धीच्या मापाने मोजले गेले. समजा, बुद्ध्यंक वाढला नसता. समजा, मूल वर्षभर सूर्यनमस्कार घालून जसे होते तसेच राहिले असते, फक्त सकाळी हसत उठू लागले असते. तर ते वर्ष वाया गेले असे म्हणायचे काय?

विजयनगरच्या रस्त्यावर चालणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांना कुणी विचारत नाही की तुमच्या चालण्याने तुमची बुद्धी किती वाढली. त्यांचे चालणे हा त्यांचा आनंद आहे आणि एवढे कारण पुरते. ज्याच्या बुद्धीला समाजाने उणे ठरवले, त्याच्या मात्र प्रत्येक क्रियेला उपचाराचे नाव द्यावे लागते. तो नाचला तर ती नृत्योपचार पद्धती होते, चेंडू फेकला तर ती व्यवसायोपचाराची पायरी होते, पाण्यात खेळला तर ती जलचिकित्सा होते. उपचारात गैर काहीच नाही. परंतु ज्या आयुष्यात सारेच उपचार होऊन जाते, तिथे खेळायला जागा उरत नाही. खेळाचा पहिला गुण असा की तो कशासाठी तरी नसतो. तो गुणच काढून घेतला तर उरते ती कवायत. प्रोत्साहनामागचा हेतू शुद्ध असूनही पुष्कळ वेळा मूल पाठ फिरवते, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे. आपल्याला दुरुस्त केले जात आहे हे कळायला फार मोठी बुद्धी लागत नाही.

यानंतर प्रश्न येतो तो इच्छेचा. असे एक घर कल्पावे. मुलगा चोवीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. शाळा सुटून सहा वर्षे झाली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालवायला सांगितले आहे. सकाळी वडील चपला पुढे ठेवून म्हणतात, “चल, उठ.” तो म्हणतो, “नको.” वडील पुन्हा म्हणतात, आवाज चढतो, शेवटी हात धरून उठवतात. दुसऱ्या दिवशी आई म्हणते, “जाऊ द्या हो, त्याला नसेल आवडत. कशाला त्याच्या मागे लागता?” आणि त्या दिवसापासून चपला कपाटात जातात. या दोन सकाळी परस्परविरुद्ध दिसतात. एकीत बळजबरी आहे, दुसरीत माघार. वस्तुतः दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे: मुलाच्या ‘नको’ला अर्थ नाही, किंवा असलाच तर एकच अर्थ आहे.

‘नको’चे अनेक अर्थ असू शकतात. काल कोपऱ्यावरच्या पोरांनी नक्कल केली म्हणून नको. चपलेचा अंगठा घासतो म्हणून नको. बाबा फार भरभर चालतात आणि मग उभे राहून सुस्कारा टाकतात म्हणून नको. कुत्र्याची भीती वाटते म्हणून नको. किंवा आज खरोखरच नको, जसे कुणालाही एखादे दिवशी नकोसे असते. जो माणूस कारण शब्दांत सांगू शकत नाही त्याला कारण नसते असे मानणे हा त्याच्यावरचा पहिला अन्याय होय. त्याच्या इच्छेचा आदर म्हणजे केवळ तिच्यापुढे मान तुकवणे नव्हे. ती इच्छा काय आहे हे शोधण्याचे कष्ट घेणे म्हणजे आदर. ज्याने कधी पाण्यात पाय घातला नाही, त्याला ‘पोहायला आवडेल का’ हा प्रश्न समजणार कसा? निवड करण्यासाठी आधी अनुभव लागतो. दोन वस्तू समोर ठेवल्या, चेंडू आणि दोरी, आणि हात कुठे जातो ते पाहिले, तर बोलता न येणारी व्यक्तीही निवड करते. तलावाकडची वाट की देवळाकडची, एवढे विचारले तरी चालण्याची मालकी हाती येते. अशा लहान लहान निवडींतून माणूस स्वतःच्या दिवसाचा धनी होतो.

येथे म्हैसूरच्या त्या योगशाळेची आठवण पुन्हा उपयोगी पडते. कृष्णमाचार्यांचे चिरंजीव टी. के. व्ही. देशिकाचार यांनी १९७६ मध्ये मद्रासला वडिलांच्या नावाने योगमंदिर स्थापन केले. माणसाला साधनेत बसवण्याऐवजी साधनेने माणसाला शोभेल असे रूप घ्यावे, हे वडिलांचे शिकवणे त्यांनी तेथे पुढे नेले. त्याच योगशाळेत १९३४ च्या सुमारास एक आजारांनी खंगलेला किशोर आला होता. तो १९३७ मध्ये पुण्यास आला आणि पुढे बी. के. एस. अय्यंगार या नावाने जगाला माहीत झाला. त्यांनी आसनांसाठी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, लोड यांचा जो वापर रूढ केला, त्यात एक नैतिक विचार आहे असे म्हणता येईल. हात जमिनीला टेकत नसेल तर माणसाला नापास न करता जमीन थोडी वर आणायची, असा तो विचार आहे. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत हा ठोकळा लाकडाचा नसेल. तो एखादे चित्र असेल, रोजची ठरलेली वेळ असेल, एकेक पायरी करून शिकवणे असेल, किंवा आधी स्वतः करून दाखवणारा शेजारचा मुलगा असेल. आधाराने केलेले आसन खोटे ठरत नाही. आधाराने खेळलेला खेळही तसाच खरा असतो.

महाराष्ट्राला स्वतःची बलोपासनेची परंपरा आहे. समर्थ रामदासांनी स्थापलेले मारुती, गावोगावच्या तालमी, अमरावतीचे १९१४ मधले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, आणि औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केलेला सूर्यनमस्काराचा प्रसार, या साऱ्यांतून शरीर कमावण्याचे संस्कार येथील पिढ्यांवर झाले. या परंपरेचे मोठेपण निर्विवाद आहे. परंतु तिचा आदर्श पुरुष बलवान आणि चपळ होता. जो मुळातच मागे आहे त्याला तिने हसले नसेल, पण त्याच्यासाठी जागाही आखली नाही. बळ ही मिळवण्याची वस्तू मानली की ज्याला ते मिळत नाही तो आपोआप बाहेर राहतो.

हीच अडचण स्पर्धात्मक खेळात अधिक तीव्रतेने येते. १९६८ च्या जुलैमध्ये शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने पहिली आंतरराष्ट्रीय स्पेशल ऑलिंपिक्स भरली. अमेरिका आणि कॅनडातले सुमारे एक हजार खेळाडू तेथे धावले, पोहले. तोवर अशा व्यक्तींना धावायला लावणे धोक्याचे आहे असे पुष्कळ जाणते लोकही समजत. या चळवळीने स्पर्धेचा एक निराळा नियम घडवला. खेळाडूंचे वय, लिंग आणि प्राथमिक फेरीतली कामगिरी पाहून त्यांचे गट पाडायचे, म्हणजे प्रत्येकाला आपल्या तोलाचा प्रतिस्पर्धी मिळतो. प्राथमिक फेरीत कुणी मुद्दाम हळू धावून सोपा गट मिळवू नये म्हणून अंतिम कामगिरीतल्या वाढीलाही मर्यादा घातलेली आहे. साधारणतः १५ टक्क्यांहून अधिक सुधारणा संशयास्पद धरली जाते. पहिल्या तिघांना पदके आणि उरलेल्यांना त्यांच्या क्रमांकाची फीत मिळते. हे नियम वरवर तांत्रिक वाटले तरी त्यांत एक गंभीर समज आहे. बौद्धिक अक्षमता असलेला माणूसही लबाडी करू शकतो, म्हणजेच तोही नैतिक कर्ता आहे, असे ते मानतात. दयेपोटी सर्वांनाच पहिले ठरवणाऱ्यांपेक्षा त्याला लबाडीबद्दल जबाबदार धरणारे त्याचा अधिक आदर करतात.

खरी मोठी लबाडी मात्र दुसऱ्याच बाजूने झाली. २००० सालच्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉलचे सुवर्णपदक स्पेनने जिंकले. नंतर उघड झाले की बारापैकी दहा खेळाडूंना अशी कोणतीही अक्षमता नव्हती. पदके परत घेतली गेली. पण त्याचबरोबर या गटाच्या सर्व स्पर्धाच पॅरालिंपिकमधून वगळण्यात आल्या आणि पात्रतेची नवी पद्धती ठरून त्या परत यायला २०१२ चे लंडन उजाडावे लागले. बुद्धिमान माणसांनी फसवले आणि शिक्षा ज्यांच्या नावाने फसवले गेले त्यांना झाली. ज्याच्या वतीने दुसरे बोलतात त्याचे हक्क किती सहज निसटतात, याचे इतके बोलके उदाहरण क्रीडाक्षेत्रात विरळाच.

मग प्रोत्साहनाचे शुद्ध रूप कोणते? मराठी मनाला परिचित असलेल्या एका चालण्यात त्याचा माग लागतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे. आषाढीला लाखो माणसे ते अंतर चालून जातात. त्यांतले कुणी व्यायाम करायला निघालेले नसते. दिंडीत चालणाऱ्याला वेगाची चिंता नसते, कारण वेग दिंडीचा असतो. टाळाचा ठेका पायांना मिळतो, मुक्काम ठरलेले असतात, पुढचा माणूस दिसत असतो आणि मागचा येत असतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला चालते करण्यासाठी तज्ज्ञ ज्या गोष्टी सांगतात, म्हणजे ठरलेली वेळ, परिचित वाट, तालाची साथ, अनुकरणासाठी समोर कुणीतरी आणि पोहोचल्यावर आनंद, त्या साऱ्या दिंडीत शतकानुशतके आहेत. वारीत प्रत्येकाला सुखाने सामावून घेतले जाते असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही. तिथेही रेटारेटी आहे, चिखल आहे. मुद्दा इतकाच की माणूस उपदेशाने चालू लागत नाही. तो सोबतीने चालू लागतो.

आणि सोबत ही दोन्ही बाजूंनी असावी लागते. वेगवान माणसाने मंद माणसाबरोबर चालायचे तर त्याला आपली चाल बदलावी लागते. ज्या प्रोत्साहनात प्रोत्साहन देणाऱ्याचे काहीच बदलत नाही, ना वेळ, ना वेग, ना सवय, ते बहुधा हुकूमच असते. प्रोत्साहन देणारा स्वतः चालतो की केवळ चालवतो, या साध्या कसोटीवर पुष्कळ सद्हेतू तपासून पाहता येतील. स्पेशल ऑलिंपिक्सच्या चळवळीत अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात खेळण्याची जी प्रथा रुजली, तिचे मोल याच जागी आहे. तिथे दुसरा खेळाडू शिक्षक नसतो, संघातला गडी असतो.

मात्र ही सोबत कुणी करायची, हा प्रश्न टाळून चालणार नाही. आज ती बहुतांशी आई करते. मुलाचे वय वाढते तसे तिचेही वाढते. चोवीस वर्षांच्या दणकट मुलाला रस्ता ओलांडून नेताना साठीतल्या बाईच्या मनगटावर किती ताण येतो, हे कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले नसते. तिला “तुम्ही त्याला रोज चालवा” असे सांगणे सोपे आहे. तिचे स्वतःचे पाय शेवटचे कधी मोकळे झाले होते, हे विचारणे अवघड आहे. २०१६ च्या कायद्याचे तिसावे कलम दिव्यांग व्यक्तींना क्रीडेत परिणामकारक सहभाग मिळावा म्हणून उपाय योजण्याची जबाबदारी शासनावर टाकते. म्हणजे हा विषय आईच्या सहनशीलतेचा न राहता नागरिकांच्या हक्काचा झाला आहे. पण कायदा मैदानाचे फाटक उघडून देईल. फाटकातून आत आलेल्याला संघात घेणे कायद्याच्या हाती नाही. सलग आणि सपाट पदपथ, उद्यानात बसायला थोड्या थोड्या अंतरावर बाक, स्वच्छतागृह, व्यायामशाळेत थोडा धीर धरणारा शिक्षक, इतक्या गोष्टी नगरपालिका आणि संस्था करू शकतात. त्यापुढचे काम शेजाऱ्यांचे आहे.

विजयनगरच्या सकाळकडे पुन्हा वळताना हे शेजारपण नजरेसमोर येते. रोज त्याच वेळी, त्याच वळणावरून चार निवृत्त माणसे जातात. त्या वळणावर ते कल्पिलेले घर आहे असे समजावे. गॅलरीतला मुलगा त्यांना ओळखतो. कुणाची टोपी कोणत्या रंगाची हेही त्याला पाठ आहे. एखादा दिवस ते आले नाहीत तर तो बेचैन होतो. त्यांपैकी एकाने फाटकाशी थांबून त्याला त्याच्या नावाने हाक मारली तर काय होईल, हे निश्चित सांगता येणार नाही. कदाचित पहिल्या दिवशी तो आत पळून जाईल. दुसऱ्या दिवशी नुसता हात हलवील. आठवड्याने फाटकापर्यंत येईल आणि महिन्याने पुढच्या वळणापर्यंत. चौघांचा वेग त्या दिवसापासून निम्म्यावर येईल, डॉक्टरांनी सांगितलेला त्यांचा चाळीस मिनिटांचा फेरा पुरा होणार नाही, आणि घरी गेल्यावर उशीर का झाला याचे उत्तर द्यावे लागेल. कदाचित मुलगा कधीच येणार नाही. तेव्हाही हाक मारायची थांबवू नये, कारण ‘नको’ म्हणण्याचा अधिकारही ज्याला बोलावले जाते त्यालाच मिळतो. ज्याला कुणी बोलावतच नाही त्याला नकार देण्याचीसुद्धा सोय नसते.

बळजबरी आणि उपेक्षा यांच्यामधली वाट अरुंद आहे, आणि तिच्यावरून रोज नव्याने चालावे लागते. तिथे एकदाचा निकाल लागत नाही. आजचे ‘नको’ उद्याचे ‘चला’ होऊ शकते, आणि परवा पुन्हा ‘नको’. हाक मारणाऱ्याने फाटकाशी किती वेळ थांबायचे याचा नियम कुणी करून ठेवलेला नाही. थोडे अधिक थांबावे, एवढेच सांगता येईल.